तक्ता क्रमांक सात

एकतीस डिसेंबरच्या रात्री बाराला
जो जिथे असेल तो तिथला धरायचा,
असं परिपत्रक सांगतं.
मी त्या रात्री मुगाची खिचडी खाऊन
साडेदहालाच झोपले.
शहरातले परदेशी मात्र माझ्या रजिस्टरात
बारा वाजेपर्यंत जागच्या जागी उभे होते.

जानेवारीत बेरजेला बसते.
सुरुवात कुलाब्यापासून, नकाशा तिथं टोकदार आहे.
भेंडीबाजारात येमेनचे एकशे बारा :
निम्मे रुग्ण,
निम्मे रुग्णाच्या उशाशी बसलेले,
व्हिसा दोघांचा वेगळा.
पवईत जपानी, दोनशे सात, वाढ सहा,
त्यातली दोन बाळं हिरानंदानीतच जन्मलेली.
मीरा रोडचे नायजेरियन आपल्यात नाहीत,
दहिसरचा नाका ओलांडला की माणूस ठाण्याचा होतो.
वांद्र्यात फिनलंडचा एक.
एकच.
त्याच्यासाठी अख्खी ओळ आखलीय मी,
डावीउजवीकडे शून्यं,
मधे तो, थंडीत उभा असल्यासारखा.

फाटकावरचा टेकबहादूर विचारतो,
म्याडम, आम्हाला कुठं लिहिलंत?
नेपाळच्या माणसाला फॉर्म नसतो, मी सांगते.
मग आम्ही कोण?
बावीस वर्षं येणाऱ्या प्रत्येक परदेशी माणसाची
सही तोच घेतो, त्याच्या वहीत,
दोरीला बांधलेल्या पेनानं.

आणि माझगाव.
माझगावात चीनचे अकरा असायचे, मग नऊ, मग चार.
चारातले एक लियाव डॉक्टर, दातांचे.
जन्म : माझगाव.
राष्ट्रीयत्व : चीन.
चीन पाहिलंय का, असा रकाना नाही,
पण मी एकदा विचारलं होतं.
म्हणाले, बाई, मी कल्याणच्या पुढं गेलो नाही.
दर नोव्हेंबरात यायचे, इस्त्रीचा शर्ट,
खिशात चार फोटो, एकाच वयाचे वाटणारे.
ह्या वर्षीपण मीच का परदेशी, विचारायचे,
आणि सही करायचे.
माझी डावी दाढ त्यांनीच भरली.
दुसरीकडे काढायला सांगितली होती.
ते म्हणाले, काढायची घाई कशाला, वाचते ती.

तीन तारखेला त्यांची मुलगी आली, पर्ल.
दाखला परत करायचा असतो ना, म्हणाली.
प्लास्टिकच्या पिशवीत सगळे दाखले,
एकोणीसशे त्रेसष्टपासूनचे, रबरबँड लावून.
कधी गेले?
एकतीसला. संध्याकाळी सातला.

पाच तास.

नियम स्पष्ट आहे, गोठणकर साहेबांनीच शिकवलेला.
मी रुजू झाले तेव्हा त्यांनी विचारलं होतं, गाव कोणतं?
निपाणी.
म्हणजे कर्नाटक.
म्हणजे निपाणी, मी म्हटलं.
त्यांनी माझ्या फाइलवर पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं,
नंतर खोडलं.
खोडलेलं उजेडात धरलं की दिसतं.

आज तक्ता सहीला गेला.
साहेब चष्मा वर करून म्हणाले,
माझगावात चारच कसे? तीन पाहिजेत.
वारल्याची नोंद इथंच आहे की.
मी म्हटलं, बघते.
परत येऊन खोडरबर शोधला,
तो ड्रॉवरमध्ये होता, म्हणजे सापडलाच.
चार पुसायला वेळ लागत नाही.
तीन लिहायलाही नाही.
खालची बेरीज बदलावी लागते,
मग उपनगरासकट एकूण,
मग राज्याचा रकाना,
मग दिल्लीला जाणारा कागद,
एक माणूस खूप लांबपर्यंत कमी करावा लागतो.

तिथवर आले आणि चहा आला.
टेकबहादूर खाली कुणाला तरी सांगत होता,
सही करा, पूर्ण नाव, कुठून आलात ते.
चहा फार गरम होता.
जीभ सारखी डाव्या दाढेकडे जाते.
सिमेंट अजून घट्ट आहे.